रिकामा आवा

कुंभाराच्या घरावर यंत्र बसलं तेव्हा अंगणात कच्च्या मडक्यांची अख्खी खेप वाळून तयार होती. उद्या आवा रचायचा, परवा पेटवायचा, असं घरात ठरलं होतं. ऊन नुसतं रणरणत होतं. थंड पाण्याच्या मडक्याला गिऱ्हाईक मिळतं ते याच दिवसांत. एकदा हवा पालटली की मग कुत्रंही विचारत नाही.

यंत्र घेऊन दोघे आले. एक यंत्रवाला, कमी बोलणारा, खांद्यावर पेटी. दुसरा रस्त्यापलीकडच्या लोखंडाच्या कारखान्याचा पर्यावरण साहेब. त्याचा शर्ट हिरवा, टोपी हिरवी, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टीही हिरवी. म्हातारीने, म्हणजे कुंभाराच्या आईने, त्याचं नाव हिरवा ठेवलं होतं आणि घरात तेच चालायचं.

"शिडी आहे का?" हिरव्याने आल्या आल्या विचारलं.

कुंभाराने शिडी लावली. यंत्रवाला वर चढला. हिरवा खाली उभा राहून मडक्यांकडे बघत होता. कुंभाराची बायको ओल्या फडक्याने एकेक मडकं पुसत होती. कारखान्याच्या धुराड्यातून रात्रंदिवस काळी कच पडायची. ती मडक्यावर राहिली तर भाजल्यावर डाग उठायचा आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. म्हणून पुसायचं. सकाळी पुसलेलं दुपारी परत पुसायचं. तिच्या बोटांची टोकं फडक्यासारखीच झाली होती.

"हवा मोजायचीय," हिरवा म्हणाला. "कारखान्याला सगळ्यात जवळचं घर तुमचं. नियम आहे तसा."

"मोजा की," कुंभार म्हणाला. "हवा काय आमच्या बापाची आहे?"

"आठवडाभर चालेल यंत्र. तोवर भट्टी पेटवायची नाही."

हिरवा भट्टी म्हणायचा. कुंभाराच्या घरात आवा म्हणत.

"माल वाळलाय, साहेब. परवा पेटवायचाच आहे."

"नाही म्हटलं ना. तुमच्या धुराने आकडा बिघडेल. आणि चूलसुद्धा पेटवायची नाही."

म्हातारी ओट्यावर माती निवडत बसली होती. तिने हातातला खडा बाजूला टाकला. "मग खायचं काय? मोजलेली हवा?"

"कँटीनमधून डबे येतील, आजी."

"आजी म्हणू नकोस. माझ्या नातवंडांत हिरवं कुणी नाही."

छपरावर यंत्रवाल्याला ठसका लागला. तो हसला की खोकला, कळलं नाही.

हिरव्याने मग कुंभाराला बाजूला घेतलं. कारखान्याला हिरवं प्रमाणपत्र हवं होतं. परमुलखातले व्यापारी आता त्याच्याशिवाय लोखंड घेत नव्हते. दरवर्षी कारखाना एक जाडजूड अहवाल काढायचा, त्यात झाडं, पाणी, हवा, सगळ्याची चित्रं असायची. पण नुसत्या अहवालावर आता भागत नव्हतं, बाहेरची तपासनीसबाई येऊन शिक्का मारणार होती.

"लोखंड हिरवं असतं का?" कुंभाराने खरंच न कळून विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं ते," हिरवा म्हणाला, आणि मग कुंपणाकडे बोट केलं. "माती कुठून आणता?"

कुंभाराने कुंपणाकडे पाहिलं. मातीची जागा तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या कुंपणात गेली होती. आजोबापासून तिथूनच माती यायची. आता तो फाटकावर जाऊन उभा राहायचा, पहारेकरी हिरव्याला फोन लावायचा, आणि हिरव्याला वाटलं तर गाडी आत सुटायची. एकदा दोन तास उन्हात उभं ठेवून, आज नको, उद्या या, म्हणाला होता. उद्या आल्यावर परत तेच.

"बरं," कुंभार म्हणाला. "नाही पेटवत."

*

आठवडाभर घरात विस्तव नव्हता.

डबे यायचे ते दुपार टळल्यावर, कोमट, सगळ्याला एकच वास. म्हातारीला ते जेवण चावायचं नाही. बायको सकाळी चहाचं पातेलं फडक्याखाली झाकून परटिणीकडे जायची. परीट शेजारी. कारखान्याच्या साहेबांचे कपडे धुवून इस्त्री करायचा. त्याची बायको चूल द्यायची, पण दर वेळी विचारायची, "तुमचं कधी सुरू व्हायचं म्हणे?" त्या 'म्हणे'त जे होतं ते बायकोला कळायचं. विस्तव उसना मागायला जाणं म्हणजे काय ते घर चालवणारीलाच ठाऊक.

एकदा ती अंगण झाडत होती. हिरवा रस्त्यावरून ओरडला, "अहो बाई! झाडू नका! धूळ उडते, यंत्रात जाते!"

तिने झाडू तिथेच टाकला. मागे धुराड्यातून काळा लोट उठत होता आणि वाऱ्याबरोबर सरळ छपरावर येत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हिरव्याकडे पाहिलं. हिरव्याने तिच्या नजरेमागे वळून बघितलं नाही. ती एक कला होती त्याची. रोज त्या धुराड्याखाली जाऊन येऊन त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

रस्त्यावर पाण्याचे टँकर फिरू लागले. कारखान्याच्या भिंतीला नवा रंग लागला, हिरवाच. फाटकापाशी कुंड्यांतून झाडं आणून ठेवली. कुंड्या प्लास्टिकच्या.

"कुंड्या तरी आपल्याकडून घ्यायच्या," बायको म्हणाली.

"भाजायला कुठे देतात?" कुंभार म्हणाला.

त्याला रिकामं बसवत नव्हतं. तो चाकावर बसायचा आणि आणखी मडकी उतरवायचा. पडवी भरली, ओटा भरला, घरात खाटेखाली मडकी गेली. कच्च्या मालाचं घर म्हणजे जीव मुठीत. शेळी आली तर, मांजराने उडी मारली तर. आभाळात कुठे ढगाचा तुकडा दिसला तरी बायको दारात येऊन उभी राहायची.

शेवटच्या दिवशी यंत्रवाल्याने पेटी उघडली. आत पांढरा गोल कागद असायचा, हवा त्यातून गाळून जायची. त्याने चिमट्याने तो बाहेर काढला आणि उन्हात धरला. कागद तव्याच्या बुडासारखा झाला होता.

"आमचा धूर नव्हता हं," कुंभार घाईने म्हणाला.

"माहितीये," यंत्रवाला म्हणाला.

"कारखानेवाले आठवडाभर धुराडं कमी चालवणार होते ना?"

"करणार होते. पण मोठी मागणी आली म्हणे." त्याने कागद पाकिटात घातला, पाकीट खिशात घातलं. "मी मोजतो. लिहितात दुसरे."

*

दोन दिवसांनी हिरवा परत आला. या वेळी स्वतःच ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. म्हातारी म्हणाली, "हा पाणी मागतोय म्हणजे आपल्या घशाला कोरड पडणार."

"भट्टी पेटवा," हिरवा म्हणाला.

कुंभाराचा चेहरा उजळला. "उद्या रचतो, परवा पेटवतो. तयारच आहे सगळं."

"परवा नाही. उद्या सकाळी पेटली पाहिजे. तपासनीसबाई येतायत. चार दिवस आहेत, चारही दिवस धूर दिसला पाहिजे."

"चार दिवस? आवा एक दिवस जळतो, साहेब. मग निवत ठेवायचा. आणि रचायलाच एक दिवस जातो, एकावर एक मडकं बसवायचं म्हणजे..."

"माल नको," हिरवा म्हणाला. "धूर पाहिजे."

म्हातारीचा हात मातीत तसाच राहिला.

"म्हणजे रिकामा आवा पेटवायचा?" कुंभाराने हळू विचारलं.

"भुसा मी पाठवतो. ओला आहे, चांगला धूर देतो. यंत्रांच्या जुन्या पट्ट्यांचं रबरही आहे." हिरव्याने पेला खाली ठेवला. "आकडा वाईट आलाय. आला तो आला. आता तो कशाने आला ते दाखवावं लागेल ना? सगळ्यात जवळचं घर तुमचं, घराला भट्टी तुमची. साधा हिशोब आहे. दिवसाची भरपाई मिळेल. आणि हे उरकलं की मातीचं कायमचं करून टाकू. फाटकावर उभं राहायला नको, फोन नको."

"कायमचं?"

"शब्द देतो."

तो गेल्यावर म्हातारी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक सांधा सरळ करत, ती मुलासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या बापाचं लाकूड एकदा पावसात भिजलं. घरात दाणा नव्हता. तरी त्याने रिकामा आवा पेटवला नाही. रिकाम्या आव्यात मढं जाळतात म्हणायचा."

"माती त्यांच्या हातात आहे, आई."

"आणि तोंड? तेही दिलंस का?"

बायको फडकं घेऊन मडकी पुसायला लागली. पुसून झालेली परत पुसायला लागली.

*

सकाळी ट्रॅक्टर भुसा आणि रबर ओतून गेला. कुंभाराने पेटवलं. आव्याची गोल भिंत, आजोबाने बांधलेली, दरवर्षी बायकोने लिंपलेली, आतून रिकामी. भुसा आधी नुसता धुमसला. मग रबराने पेट घेतला आणि जो धूर उठला तो कुंभाराने जन्मात पाहिला नव्हता. जाड, तेलकट, अंगाला चिकटणारा. त्याच्या आव्याचा धूर पांढरा निघायचा, मग करडा, मग विरळ होत होत निवळायचा, आणि धूर निवळला की माल झाला असं समजायचं. या धुराला असं काही नव्हतं. तो नुसता निघत होता. दुपारपर्यंत कुंभाराची थुंकी काळी झाली. डोळे मिरची घातल्यासारखे. भिंतीला आतून काळा थर चढला, आणि एका जागी उभी भेग गेली. आत माल असला की आच मालात मुरते. रिकाम्या आव्यात ती भिंतीलाच खाते.

तिसऱ्या प्रहरी गाडी आली. तपासनीसबाई उतरली. चांगल्या घरची, पांढरे बूट, तोंडावर पांढरी पट्टी. बरोबर हिरवा आणि छायाचित्र काढणारा. तिने अंगणात पाय ठेवला आणि हात नाकाकडे नेला.

"बाप रे," ती म्हणाली. "हे रोज असतं?"

"रोज," हिरवा म्हणाला.

कुंभार हातात लांब काठी घेऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं. हिरव्याने त्याच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि कुंभाराने मिटलं.

"काय जाळता तुम्ही यात?" बाईने हिरव्यालाच विचारलं.

"रबर वगैरे. जे मिळेल ते. परंपरागत व्यवसाय आहे, जाणीव नसते लोकांना."

बाईने मान हलवली. तिची पाठ कारखान्याकडे होती. धुराडं तिच्या टोपीच्या वर, अगदी डोक्यात खोचल्यासारखं दिसत होतं. छायाचित्र काढणारा दोन पावलं सरकला, म्हणजे चौकटीत ते यायला नको. आव्याचे फोटो झाले, कुंभाराचे झाले. मग बाई ओट्याकडे वळली. "किती सुंदर!" ती म्हणाली आणि एक मडकं काठाला धरून उचललं. काठ तिच्या हातात राहिला, मडकं पायाशी फुटलं.

"अगं बाई! किती नाजूक असतात ही!"

"कच्चं आहे ते," म्हातारी म्हणाली. "भाजू दिलं नाही."

बाईने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने पिशवीतून एक नवी पांढरी पट्टी काढून म्हातारीच्या हातात दिली. "आजी, ही तोंडाला लावत जा. तुमच्या वयाला जपायला हवं."

म्हातारीने पट्टी उलटसुलट करून पाहिली. गाडी वळल्यावर तिने ती शेळीपुढे टाकली. शेळीने हुंगली आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी परीट आला. दोन्ही हातांवर चादरींचा ढीग. त्याने तो सगळा कुंभाराच्या अंगावर फेकला.

"बघ! मोठ्या साहेबाच्या बंगल्यावरच्या चादरी आहेत. काळ्या टिकल्या बघ. कोण देईल मला आता काम? तू?"

"अरे, हा धूर मी..." कुंभार म्हणाला.

"मग कोण? मी पेटवलाय का? एवढी वर्षं शेजारी राहतोय, असा धूर कधी केला नाहीस. पैसे खाऊन करतोयस, सगळ्या वस्तीला माहितीये!"

"आणि ते रोज पडतं ते?" बायकोने धुराड्याकडे हात केला.

परटाने तिकडे पाहिलं नाही. "ते कारखान्याचं आहे, वहिनी. त्याला मी काय करू? हे तुमचं आहे."

त्या चादरी बायकोने हौदावर बसून धुतल्या. तीन पाण्यांनी तेल निघालं नाही. कुंभार तिच्याजवळ जाऊन बसला, एक चादर ओढून चोळू लागला. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुमचे हात काळे आहेत," ती म्हणाली.

*

चार दिवस झाले, धूर थांबला. मग काही दिवस काहीच झालं नाही. कुंभाराने भेग लिंपली. आता आपला माल रचावा म्हणून तो लाकूड फोडत होता तेव्हा सरकारी कचेरीचा शिपाई आला आणि आव्याच्या भिंतीला कागद चिकटवून गेला. वस्तीतली हवा बिघडवणारी भट्टी म्हणून ती बंद करण्यात येत होती.

कुंभार तसाच फाटकावर गेला. या वेळी लगेच आत सोडलं. हिरवा हसत सामोरा आला आणि हातात एक पुडकं दिलं. आत हिरवा शर्ट होता.

"अभिनंदन. आकडा सुटला. चांगला आमच्या नावावर, वाईट तुमच्या भट्टीच्या. परवा कार्यक्रम आहे, मैदानावर. मोठे साहेब येणार, बाई स्वतः प्रमाणपत्र देणार. तुमचा सत्कार आहे."

"माझा? कशाबद्दल?"

"तुम्ही पर्यावरणासाठी स्वखुशीने भट्टी बंद केलीत त्याबद्दल."

कुंभाराला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "साहेब, आवा बंद केला तर मी खाऊ काय?"

"झाडांना पाणी घालायला माणूस हवाय. तुमचं नाव मीच सुचवलं."

"आणि माती? शब्द दिला होता तुम्ही. कायमचं करून टाकू म्हणालात."

"झालंच की कायमचं," हिरवा म्हणाला. "भट्टीच नाही, तर माती कशाला लागते?" तो थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एक अडचण मिटल्याचं समाधान होतं.

घरी येऊन कुंभाराने शर्ट खुंटीला टांगला आणि ओट्यावर बसून राहिला. बायकोने विचारलं नाही. तिने पुडकं उघडताना पाहिलं होतं, आणि कागदावरचं परटिणीच्या मुलीकडून वाचून घेतलं होतं. थोड्या वेळाने ती आव्यापाशी गेली आणि आतली काळी राख फावड्याने उपसायला लागली.

"काय करतेस?"

"साफ करतेय."

"बंद झालाय तो."

"मग बंद आवा साफ करतेय."

रात्री कुंभाराने सत्काराचं आपणहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासू-सुनेने माल रचला. खाली लाकूड, वर मडकी, मडक्यांच्या पोटात लहान मडकी, मधे पेंढा, सगळ्यावर फुटकी खापरं. सून आत उतरलेली, म्हातारी काठावरून हातात देत होती. कुंभार काही वेळ नुसता बघत राहिला.

"पेटवणार असशील तर सांग," तो म्हणाला. "दंड झाला तर?"

"घरात पाय ठेवायला जागा नाही," बायको म्हणाली. "म्हणून आत ठेवतोय. उद्या तुम्ही शर्ट घालून जा. त्यांना तुमचं तोंड पाहिजे, ते घेऊन जा. हात आमच्याकडे आहेत."

"अगं, पण..."

"तुम्ही रिकामा पेटवलात तेव्हा मी काही बोलले का?"

मग तोही उठला आणि पेंढ्याची पेंडी सोडू लागला.

*

मैदान कारखान्याच्या मागेच होतं. मांडव, खुर्च्या, चारी बाजूंना कर्णे. प्लास्टिकच्या कुंड्यांतली झाडं फाटकावरून उचलून इथे लावली होती. सगळ्यात मोठी तयारी म्हणजे त्या सकाळी धुराडं बंद होतं. कुंभाराने ते बंद असलेलं कधी पाहिलं नव्हतं. आभाळ इतकं मोकळं दिसत होतं की त्याला चुकल्यासारखं वाटलं.

त्याला मंचावर कडेच्या खुर्चीवर बसवलं. हिरवा शर्ट काखेत काचत होता. समोर पहिल्या रांगेत साहेब, मागे कामगार, सगळ्यात मागे वस्ती. परीटही होता, आणि कुंभाराकडे बघून त्याने हात जोडल्यासारखं केलं. मंचावर बसला की माणूस लगेच मोठा होतो.

भाषणं सुरू झाली. हिरव्याने अहवालातली चित्रं दाखवली. एका चित्रात कुंभार होता, काळ्या धुरात काठी धरून उभा. हिरवा म्हणाला, "हा भूतकाळ." टाळ्या झाल्या. कुंभाराला एक लाकडी पाटी दिली, फुलांचा गुच्छ दिला. बाईने हात मिळवला आणि मग रुमालाला हात पुसला, हळूच, कुणाला दिसू नये असा.

मग मोठे साहेब उठले.

"आपल्या कारखान्याची हवा स्वच्छ आहे," ते म्हणाले, "आणि जी एकच भट्टी या परिसराची हवा बिघडवत होती, ती आज कायमची बंद झाली आहे!"

कर्ण्यातून ते वस्तीभर गेलं. आणि त्याच वेळी कारखान्याच्या छपरामागून, मोकळ्या आभाळात, धुराची एक पांढरी रेघ वर आली.

कुंभाराला ती सगळ्यांच्या आधी दिसली. आता दंड, हे आधी डोक्यात आलं. मग त्याने ती नीट पाहिली आणि भीती विसरला. पांढरा धूर, म्हणजे मडक्यांतली ओल निघतेय. छान. हळूहळू घेतायत. तो खुर्चीत पुढे सरकून बघत राहिला. साहेब बोलत होते, आई वसुंधरा, पुढच्या पिढ्या. रेघ जाड झाली. मग करडी झाली. फार लवकर झाली. वारा फिरला होता, आव्याच्या डाव्या तोंडातून आत घुसत असणार, आणि ओल पुरती निघायच्या आत आच चढली तर मडकी पोटातून फुटतात, एक फुटलं की शेजारची दहा घेऊन जातं.

"अगं लाकूड मागे ओढ," तो पुटपुटला.

शेजारच्या साहेबाने त्याच्याकडे पाहिलं.

कुंभार उठला. गुच्छ खुर्चीवर ठेवला, पाटी गुच्छावर ठेवली, आणि मंचाच्या मागच्या पायऱ्यांनी उतरून चालायला लागला. लोकांना वाटलं लघवीला निघाला. मांडवाबाहेर पडल्यावर तो धावू लागला.

हिरव्याची गाडी त्याच्या आधी पोचली होती. कुंभार अंगणात आला तेव्हा हिरवा आव्यासमोर उभा राहून ओरडत होता. टोपी कुठे पडली होती कोण जाणे.

"भट्टी विझवा! ताबडतोब विझवा!"

"कुठली भट्टी?" कुंभाराची बायको म्हणाली. तिचं तोंड आचेने लाल झालं होतं, केसांना पेंढा लागला होता.

"ही! ही काय!"

"ही तर बंद झाली. आत्ताच सांगितलं की कर्ण्यावर. तुम्ही ऐकलं नाही?"

हिरवा हौदाकडे धावला. त्याने हौदातली बादली भरून उचलली. म्हातारी आव्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली, वाळक्या काटकीएवढी, पदर खोचलेला.

"घाल," ती म्हणाली. "आधी माझ्यावर घाल. तापल्या मालावर पाणी पडलं तर सगळा माल तडकेल. मग मी तिथे मैदानात येऊन बसेन, खापरं घेऊन. बाईला दाखवेन, हा भूतकाळ म्हणून."

कुंभाराने मागून येऊन हिरव्याच्या हातातली बादली काढून घेतली. भांडला नाही, हिसकावली नाही. लहान मुलाच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"सरका," तो म्हणाला.

हिरवा सरकला. का सरकला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुंभार वाकून आत बघू लागला.

"माझी नोकरी जाईल," हिरवा म्हणाला. आवाज बदलला होता. "सगळे वर बघतायत. बाई विचारतेय, ते काय आहे म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, ढग आलाय," म्हातारी म्हणाली.

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"इतके दिवस तू म्हणालास ते लिहिलं ना त्यांनी? मग हेही लिहितील. जा."

हिरव्याने खिशातून फोन काढला, तो कानाला लावून गाडीकडे गेला, आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. अंगणावर उडालेल्या त्या धुळीबद्दल तो काही बोलला नाही.

कुंभाराने डाव्या तोंडातलं एक जळतं लाकूड मागे ओढलं. आत एक मडकं फट् करून फुटलं. तिघंही थांबली. दुसरं फुटलं नाही.

तेवढ्यात कर्णे पुन्हा खरखरले. मोठ्या साहेबांचा आवाज आला, आनंदी, भरलेला.

"आणि मंडळी, वर बघा! स्वच्छ हवेची पावती निसर्गानेच दिलीय. ऐन उन्हाळ्यात आपल्या कारखान्यावर ढग आलाय!"

टाळ्या वाजल्या. पुष्कळ वाजल्या. वाजवणाऱ्यांत वस्ती होती, परीट होता, आणि ती बाईही असणार.

बायको खाली बसली आणि हसायला लागली. गेल्या महिन्याभरात ती हसली नव्हती. आता तिला थांबता येईना, राखेचे हात तोंडावर घेऊन ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येऊन गालावर काळे ओघळ उतरले. म्हातारी मैदानाच्या दिशेला तोंड करून थुंकली.

"हसतेस काय?" कुंभार आत बघत म्हणाला. "डावं तोंड लिंपून घे आधी. वारा फिरलाय."

ती उठली आणि चिखल घेऊन आली.